दिवा मालवण्याचा धर्म

नवरात्रात घट बसले आहेत, देवघरात अखंड दिवा तेवतो आहे आणि पहाटे ओट्याखालून गॅसचा वास येतो आहे. अशा वेळी दिवा मालवायचा की नाही? गॅस कंपन्यांच्या सूचनांमध्ये याचे उत्तर एका ओळीत दिलेले असते: घरातली प्रत्येक ज्योत, अगदी उदबत्तीसुद्धा, विझवा. पण ज्या हाताने हे करायचे, तो हात सूचनापत्रक वाचून घडलेला नसतो. बार्शीच्या भागातली पोरे नवरात्रात तुळजापूरहून भवानीची ज्योत पळत आपापल्या गावी आणतात. घरोघरी नऊ दिवस रात्री उठून दिव्यात तेल घातले जाते, काजळी झाडायची तर आधी शेजारी दुसरी वात पेटवून ठेवतात. तो दिवा आपल्या हाताने शांत करायचा म्हटले की हात अडखळतो. त्यातून बऱ्याच घरांत देवघर स्वयंपाकघरातच असते, म्हणजे सिलिंडर आणि समई यांच्यात चार पावलांचेही अंतर नसते. हा अडखळलेला क्षण यंत्राचा नाही, धर्माचा आहे, आणि म्हणून त्याचे उत्तरही धर्माच्या भाषेत द्यायला हवे. माझे म्हणणे असे की त्या क्षणी दिवा मालवणे म्हणजे व्रत मोडणे नव्हे. त्या क्षणापुरते तेच व्रत आहे.

आधी समोर काय असते ते नीट पाहू. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे गळाला की वर न जाता फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, उंबऱ्यावरून पलीकडच्या खोलीत उतरतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण 2 टक्के झाले की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. या गॅसला स्वतःचा असा वास नाही. आपल्याला येतो तो कुजक्या कोबीसारखा वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो, आणि तो अशा बेताने मिसळतात की पेटण्याइतका गॅस साठण्याच्या बऱ्याच आधी नाकाला कळावे. गॅसमध्ये वास मिसळणे सक्तीचे होण्यामागे एक मोठा अपघात आहे. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत, तळमजल्याखाली साचलेल्या वासरहित नैसर्गिक गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण मेले. त्यात बहुतेक मुले होती. कुणालाच काही कळले नव्हते, कारण कळण्याजोगे काही नव्हतेच. त्यानंतर तिथे वास मिसळण्याचा कायदा झाला आणि पुढे जगभर तीच रीत पडली. तेव्हा ओट्याखालचा वास हा योगायोग नाही. मेलेल्या मुलांच्या मोलाने मिळालेला तो इशारा आहे, आणि ‘येतोच थोडाफार’ म्हणून कूस बदलणे म्हणजे त्या इशाऱ्याचा अवमान आहे.

इशारा मिळाल्यावर करायचे ते फार नाही, पण पहाटेच्या झोपेत हात नेमका उलट करतो. अंधारात तो आधी बटणाकडे जातो. बटण दाबताना आत उडणारी बारीकशी ठिणगी पुरेशी असते. म्हणून दिवा, पंखा, वास घालवण्यासाठी लावायचा एक्झॉस्ट, यातले काहीही चालू करायचे नाही आणि जे चालू आहे ते बंदही करायचे नाही. गळती कुठे आहे ते काडी ओढून शोधण्याचा विचारही नको. शेगडीच्या कळा आणि रेग्युलेटर बंद करायचा, सिलिंडरला टोपी लावायची, दारे-खिडक्या सताड उघडायच्या. हे होत असतानाच देवघरातली ज्योत शांत करायची. तोंडाने फुंकर मारू नये म्हणून आपण एरवी फुलाने किंवा वात तेलात ओढून दिवा मालवतो. त्या क्षणी फूल शोधत बसायचे नाही, हाताशी असेल ती वाटी पालथी घालायची. आणि वास दाट असेल, गॅस सुटल्याचा फुस्स आवाज येत असेल किंवा डोके गरगरत असेल, तर दिव्यासाठीही थांबायचे नाही. माणसांना उठवून बाहेर काढायचे. विजेचा मुख्य खटका घराबाहेर असेल तरच पाडायचा. फोन बाहेर, मोकळ्यावर आल्यावर करायचा: 1906 हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

यावर पहिला आक्षेप नशिबाचा. जे व्हायचे ते टळत नाही, आयुष्याची दोरी बळकट असेल तर स्फोटातूनही माणूस वाचतो, असे म्हणणारे घरोघरी आहेत. गंमत अशी की हाच माणूस घराबाहेर असे बोलत नाही. 1 जानेवारी 2023 रोजी बार्शी तालुक्यात पांगरीजवळ फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. असे घडले की परवाना, दारूचा साठा, मालकाची जबाबदारी हे प्रश्न आपण विचारतो आणि ते विचारलेच पाहिजेत. मग पाच वर्षे उलटून गेलेली, वाकवली की चिरा दिसणारी रबरी नळी घरात फुटली तर ते एकदम प्रारब्ध कसे होते? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याच्याआधी चार कारणे उभी आहेत. जागा, माणूस, नळी-रेग्युलेटर आणि हातून घडलेली कृती यांचा हिशेब पुरा केल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवता येत नाही. शिवाय वाड्यातला किंवा अपार्टमेंटमधला गॅस भिंतीपलीकडच्या कुटुंबाची पत्रिका पाहून थांबत नाही. स्वतःचे प्रारब्ध आजमावायला शेजाऱ्याची पोरे पणाला लावायची, याला कोणत्याही शास्त्राचा आधार मिळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याचे उत्तर बार्शीत शोधणे सोपे जावे. हे भगवंताचे, म्हणजे विष्णूचे गाव. पंढरीला एकादशी आणि बार्शीला द्वादशी अशी परंपरा आहे, आणि तिच्या मुळाशी भागवताच्या नवव्या स्कंधातली राजा अंबरीषाची कथा आहे. अंबरीषाने एकादशीचे व्रत केले. द्वादशीला पारणे सोडायचे, तोच दुर्वास ऋषी पाहुणे म्हणून आले आणि जेवायचे कबूल करून नदीवर स्नानाला गेले. ते परतेनात आणि इकडे द्वादशी सरत चालली. पाहुण्याआधी जेवावे तर आतिथ्याचा धर्म मोडतो. न जेवावे तर व्रत. राजाने जाणत्यांना विचारले आणि फक्त पाण्याचा घोट घेतला, कारण पाणी पिणे हे जेवणेही होते आणि न जेवणेही. दुर्वास संतापले, त्यांनी जटेतून कृत्या, म्हणजे संहारक शक्ती, उभी केली. राजा जागचा हलला नाही आणि सुदर्शनाने त्याला राखले. आक्षेप घेणारा म्हणतो, पाहा, भक्त जागचा हलला नाही, देवाने राखले. आपणही दिवा तेवत ठेवावा, देवी पाहून घेईल.

कथेचा क्रम मात्र वेगळे सांगतो. कृत्येपुढे स्थिर राहण्याआधी अंबरीष वेळेचे भान ठेवून होता, दोन कर्तव्ये एकमेकांना भिडली आहेत हे त्याने ओळखले, जाणत्यांचा सल्ला घेतला आणि घटका टळण्याआधी निर्णय केला. हातात होते ते सारे करून झाल्यावर जे हातात नव्हते, त्याच्यापुढे तो निश्चल राहिला. त्याची ती निश्चलता आपण पहिल्या पायरीवर ओढून आणतो आणि तिला श्रद्धा म्हणतो. कथेचा उत्तरार्धही विसरू नये. सुदर्शनाच्या भयाने दुर्वास ब्रह्मदेवाकडे गेले, शंकराकडे गेले, शेवटी वैकुंठात गेले. विष्णूने त्यांना अभय दिले नाही; ज्याचा अपराध केलास त्या अंबरीषाकडेच जा, असे सांगितले. देवाच्या दारातूनही माणूस पुन्हा माणसाकडे, त्याच्या स्वतःच्या करणीकडे धाडला गेला. ज्या गावाने या राजाच्या देवाला आपला मानले, त्या गावात भक्ती आणि सावधपणा यांचे वैर असण्याचे कारण नाही.

मग तिसरा आक्षेप येतो: अशी सूट दिली की आज दिवा, उद्या उपास, परवा सगळेच सुटेल. ही भीती खोटी नाही, पण तिचे उत्तर छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती चाक्रायणाने देऊन ठेवले आहे. कुरूंच्या देशात पीक बुडाले होते. उपाशी उषस्तीने एका माणसाच्या पानातले उष्टे कडधान्य मागून खाल्ले. त्याने पाणी पुढे केले तेव्हा मात्र, उष्टे पाणी चालायचे नाही, म्हणून नकार दिला. कडधान्य खाल्ले नसते तर जीव गेला असता, पाणी इतरत्र मिळण्यासारखे होते. आपद्धर्म तो हाच, आणि त्याची सीमा इतकी रेखीव आहे. नियम जिवाच्या गरजेपुरताच बाजूला ठेवायचा, तसूभरही अधिक नाही. गळती थांबली, घर वाऱ्याने स्वच्छ झाले, वितरकाच्या माणसाने जोडणी तपासून दिली की हात धुऊन दिवा पुन्हा लावायचा, देवीपुढे क्षमा मागायची, नवरात्र पुढे चालू. ज्या परंपरेने चुकल्यावर क्षमा मागण्याचा विधी प्रत्येक पूजेच्या शेवटी घातला आहे, तिला अडचणीच्या वेळा येणार हे आधीच ठाऊक होते.

कुणी बुद्धिवादी म्हणेल, नळी, रेग्युलेटर आणि साबणाचे पाणी एवढ्यावर भागत असताना उपनिषदापर्यंत जायचेच कशाला? साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, नळी वेळेवर बदलावी, हे अर्थातच. पण त्या पहाटे स्वयंपाकघरात बहुधा घरची सून किंवा आई एकटी उभी असते. दिवा तिने मालवला आणि पुढे घरात काही वाईट झाले, तर बोल तिला लागणार; नाही मालवला आणि भडका उडाला, तर सर्वांत आधी तीच होरपळणार. तिला माहितीची नाही, परवानगीची उणीव भासते, आणि ती परवानगी ज्यांच्या शब्दाला घरात धर्माचे वजन आहे त्यांनीच द्यायला हवी. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. यंदा घट बसवण्याआधी दिवा सिलिंडरपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि सर्वांदेखत सांगून ठेवा: गॅसचा वास आला तर कुणालाही विचारत बसू नका, दिवा मालवा, खिडक्या उघडा, पोरांना घेऊन बाहेर पडा, त्याचा दोष असलाच तर तो माझ्या माथी.