सिनाईचा तह युद्धाआधी का झाला नाही?

युद्धात दोन्ही बाजूंची माणसे मरतात, तिजोऱ्या रिकाम्या होतात आणि बहुतेक वेळा शेवटी कुठला तरी तह करूनच ते थांबवावे लागते. मग तोच तह आधी करून हा सगळा खर्च का वाचवला जात नाही, हा प्रश्न जेम्स फिअरन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात अत्यंत काटेकोरपणे मांडला. द्वेष, सूड किंवा राज्यकर्त्यांचा अविवेक ही उत्तरे त्याने खोटी ठरवली नाहीत, पण ती बाजूला ठेवून, पूर्ण विचारी आणि हिशेबी राज्यकर्तेसुद्धा युद्धापर्यंत कसे पोहोचतात, एवढेच तपासले. त्यासाठी त्याने गेम थिअरीचा, म्हणजे एकाच्या निर्णयाचे फळ दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते अशा परिस्थितीचा गणिती अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा, आधार घेतला. त्याची उत्तरे तीन होती: आपल्या बळाविषयीची आतली माहिती दोन्ही पक्ष दडवतात आणि ती फुगवून सांगण्यात त्यांचा स्वार्थही असतो, आज दिलेले वचन उद्या पाळले जाईल याची हमी देणारी कोणतीही सत्ता राष्ट्रांच्या डोक्यावर नसते, आणि क्वचित प्रसंगी वादाची वस्तूच अशी असते की तिचे वाटे पडू शकत नाहीत.

ही उत्तरे कितपत खरी आहेत, हे पाहण्यासाठी इजिप्त आणि इस्रायल यांच्यातील सिनाईच्या वादाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलने सिनाईचे द्वीपकल्प जिंकले. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी गुन्नार यारिंग यांच्या मध्यस्थीला उत्तर देताना फेब्रुवारी १९७१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी इस्रायलशी शांतता करार करण्याची तयारी लेखी कळवली, आणि त्याच महिन्यात इस्रायलने ५ जून १९६७ पूर्वीच्या सीमेवर आपण परतणार नाही असे उलट कळवले. मार्च १९७९ मध्ये झालेल्या तहात मात्र शांततेच्या बदल्यात संपूर्ण सिनाई परत देण्याचे इस्रायलने मान्य केले. दोन्ही प्रस्ताव हुबेहूब सारखे नव्हते, आणि त्यांच्यातला फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. पण सिनाईपुरते बोलायचे तर १९७१ मध्ये नाकारलेली गोष्टच आठ वर्षांनी स्वीकारली गेली, आणि मधल्या काळात एक मोठे युद्ध होऊन गेले.

यातील पहिला अडसर माहितीचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि वाटाघाटींच्या मेजावर ती उघडणे कोणालाच परवडत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या मुठीत काय आहे याचा अंदाज त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर तो सोसायला तयार असलेल्या खर्चावरून बांधावा लागतो. जे बोलायला काहीच लागत नाही ते दुर्बळही बोलू शकतो, म्हणून ते कोणी मनावर घेत नाही. जे करताना दुर्बळाचे कंबरडे मोडेल तेवढेच विश्वसनीय ठरते. सादात यांनी १९७१ हे निर्णायक वर्ष असल्याचे जाहीर केले होते, पण ते वर्ष काहीही न घडता सरले आणि त्यांच्या इशाऱ्यांची किंमत घसरत गेली. इस्रायली लष्करी गुप्तवार्ता विभागाचे गृहीतक असे होते की, इस्रायलच्या हवाई सामर्थ्याला आत खोलवर तोंड देता येईल अशी साधने हाती येईपर्यंत इजिप्त युद्ध सुरू करणार नाही. हे गृहीतक तर्काला धरून होते, फक्त मर्यादित उद्दिष्टाचे युद्धही असू शकते हे त्यात धरलेले नव्हते.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी इजिप्तच्या फौजा सुएझ कालव्यात उतरल्या. पलीकडच्या काठावर इस्रायलने वाळूचा उंच बांध रचला होता आणि तो फोडायला इजिप्तला फार वेळ लागेल असे मानले जात होते. इजिप्तच्या अभियंत्यांनी शक्तिशाली पंपांनी कालव्याचेच पाणी त्या बांधावर मारून काही तासांत त्यात वाटा पाडल्या आणि त्यांतून रणगाडे पार नेले. जमिनीवरील क्षेपणास्त्रांच्या छत्राखाली कालव्यालगतची पट्टी धरून ठेवायची, हा बेत यशस्वी झाला. १४ ऑक्टोबरला ते छत्र सोडून पुढे सरकण्याचा प्रयत्न मात्र इजिप्तच्या अंगाशी आला, त्यानंतर इस्रायली फौजा कालवा ओलांडून पश्चिमेला गेल्या आणि इजिप्तच्या तिसऱ्या सेनेला त्यांनी वेढले. युद्ध थांबले तेव्हा आपली बचावफळी अभेद्य नाही हे इस्रायलला कळले होते, आणि सिनाई केवळ शस्त्रबळाने परत मिळणार नाही हे इजिप्तला. सिद्धांताच्या भाषेत सांगायचे तर रणांगणाने दोन्ही पक्षांचे अंदाज एकमेकांच्या जवळ आणले. हे विधान बरोबर असले तरी त्याचा कोरडेपणा खटकल्याशिवाय राहत नाही, कारण ही माहिती मिळवण्यासाठी अडीच हजारांहून अधिक इस्रायली आणि त्याहून कितीतरी जास्त इजिप्शियन सैनिकांनी प्राण गमावले होते.

तरीही केवळ अंदाज जुळल्याने तह होत नाही. दुसरा अडसर अधिक चिवट होता आणि त्याची मुळे १९५७ मध्ये होती. सुएझच्या संघर्षात व्यापलेल्या सिनाईतून त्या वर्षी इस्रायलने माघार घेतली होती, ती संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तेथे उभी राहील आणि तिरानची सामुद्रधुनी खुली राहील या भरवशावर. १६ मे १९६७ रोजी इजिप्तने शांतिसेनेचे प्रमुख, भारतीय मेजर जनरल इंदरजित रिखी, यांच्या हाती चौक्या सोडण्याची मागणी करणारे पत्र दिले. काही दिवसांतच शांतिसेना हटली आणि सामुद्रधुनी बंद झाली. एकदा असे घडल्यानंतर सामुद्रधुनीच्या तोंडावरील शर्म-अल-शेखवाचूनच्या शांततेपेक्षा शांततेवाचूनचे शर्म-अल-शेख बरे, असे इस्रायलचे संरक्षणमंत्री मोशे दायान म्हणत असतील तर त्यात केवळ हट्ट पाहणे योग्य नाही. जमीन दिली की ती गेली, वचन मात्र कधीही मागे घेता येते. म्हणून जमिनीच्या बदल्यात वचन हा सौदा मुळातच विषम असतो, आणि सादात कितीही प्रामाणिक असले तरी ही विषमता त्यांच्या प्रामाणिकपणाने मिटणारी नव्हती.

ती मिटवली गेली हप्त्यांनी आणि आकड्यांनी. १९७५ च्या अंतरिम करारानुसार गिडी आणि मितला या खिंडींच्या परिसरात अमेरिकी कर्मचाऱ्यांची पूर्वसूचना केंद्रे उभी राहिली, म्हणजे कोण काय हालचाल करतो आहे हे आता कोणाच्या शब्दावर अवलंबून राहिले नाही. १९७९ च्या तहाने माघार टप्प्याटप्प्याने ठरवली: पहिला टप्पा नऊ महिन्यांत, त्यानंतर राजनैतिक संबंध, आणि उरलेली माघार तीन वर्षांच्या आत. शिवाय सिनाईचे उभे पट्टे पाडले गेले. कालव्यालगतच्या पट्ट्यात इजिप्तने एकच डिव्हिजन, जास्तीत जास्त २२,००० माणसे आणि २३० रणगाडे ठेवायचे. मधल्या पट्ट्यात हलक्या शस्त्रांच्या सीमारक्षक तुकड्या. आणि इस्रायलच्या सीमेला लागून केवळ पोलीस व आंतरराष्ट्रीय निरीक्षक दल. दुसऱ्या बाजूला इस्रायलच्या हद्दीतही एक चिंचोळा मर्यादित पट्टा ठेवला गेला. या रचनेमुळे विश्वासघात अशक्य झाला नाही, पण तो करायचा तर आधी शेकडो रणगाडे उघड्या वाळवंटातून आणावे लागणार होते, आणि तेवढ्या वेळात दुसरी बाजू सावध होणार होती. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी सादात यांची हत्या झाली, तरी माघार थांबली नाही आणि तहही मोडला नाही. तो कोणा एका माणसाच्या शब्दावर उभा असता तर असे झाले नसते.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६० च्या सुमारास मांडलेला एक विरोधाभासही येथे दिसतो. ज्या वाटाघाटीकाराचे हात घरच्या लोकांनी बांधलेले असतात त्याचे वजन उलट वाढते, कारण तो मनात आणूनही अधिक देऊ शकत नाही हे समोरच्याला दिसत असते. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस चाललेल्या चर्चेत सिनाईतील वसाहती हटवण्याचा निर्णय इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी स्वतःकडे न ठेवता आपल्या संसदेवर सोपवला. सादात यांच्यामागे अरब जगाचा रोष होता, आणि तो खोटा नव्हता, कारण तहानंतर अरब लीगने इजिप्तला निलंबित केले. दोघांचेही हात असे बांधलेले असताना उरलेली दरी भरून काढायला तिसऱ्याची थैली लागते. अमेरिकेने दोन्ही देशांना मोठी मदत दिली आणि सिनाईत सोडाव्या लागणाऱ्या विमानतळांच्या जागी इस्रायलला नेगेव्हमध्ये दोन नवे हवाई तळ बांधून दिले. या चर्चेत मध्यस्थी करणारे अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या चिकाटीचे कौतुक करताना हा खर्च बहुधा विसरला जातो.

फिअरनचे तिसरे कारण, वस्तूची अविभाज्यता, या वादात गौण ठरले. ताबा या अकाबाच्या आखातावरील चिमुकल्या पट्टीसाठी तेवढी सहा वर्षांहून अधिक काळ रखडपट्टी झाली आणि अखेर १९८८ मध्ये लवादाने ती इजिप्तची असल्याचा निवाडा दिला. लवादापुढे हरणे सरकारला परवडते, स्वतः होऊन देणे परवडत नाही.

दोन खेळाडूंच्या प्रतिमानात हे सारे चपखल बसते, आणि नेमकी तेथेच शंका येते. सादात यांच्या १९७१ च्या उत्तरात सिनाईबरोबर गाझामधून माघार आणि निर्वासितांच्या प्रश्नाचा निकाल या अटीही होत्या. कॅम्प डेव्हिडला दोन मसुद्यांवर सह्या झाल्या: सिनाईविषयीचा मसुदा नेमका आणि तारखांनी बांधलेला, तर वेस्ट बँक आणि गाझा यांच्या स्वायत्ततेविषयीचा मसुदा सैल, पुढच्या वाटाघाटींवर सोडलेला. पहिला अमलात आला, दुसरा कागदावर राहिला. म्हणजे मधल्या आठ वर्षांत माहिती वाढली आणि हमीची यंत्रणा घडली हे खरे असले, तरी जो पॅलेस्टिनी पक्ष मेजावर नव्हता त्याची मागणी सौद्यातून व्यवहारात गळाली, हेही तह जमण्याचे एक कारण होते; आणि प्रतिमानात त्या पक्षासाठी रकानाच नसल्यामुळे त्याचे नुकसान कोणत्याही बेरजेत येत नाही. इस्रायलने सिनाईतील माघार २५ एप्रिल १९८२ रोजी पूर्ण केली. दक्षिणेची आघाडी अशी शांत झाल्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ जून रोजी, त्याच्या फौजा पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे तळ उद्ध्वस्त करण्यासाठी लेबनॉनमध्ये शिरल्या, आणि या वेळी इजिप्त युद्धात उतरला नाही.