न सांगितलेल्याचा अर्थ
कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीच्या २.० या २०१४ च्या आवृत्तीने, काम सर्व्हरवर पाठवणाऱ्या नुसत्या ‘गिट पुश’ कमांडचा अर्थ बदलला. पूर्वी आपल्या संगणकावर आणि सर्व्हरवर एकाच नावाच्या असलेल्या सगळ्या ब्रँच, म्हणजे कामाच्या समांतर शाखा, सर्व्हरवर जात. आता साधारणतः फक्त चालू ब्रँच जाते. प्रश्न नीतीचा आहे: वापरणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर त्या मौनाला कितपत संमती मानायची? जुन्या नियमात विसरलेली, अर्धवट ब्रँचही इतरांपर्यंत पोहोचे. सक्तीने पुश केल्यास अशा ब्रँचवरचे सहकाऱ्याचे काम पुसले जाऊ शके. ज्याने दुसऱ्याचे कमीत कमी बिघडेल, तोच मौनाचा न्याय्य अर्थ. मात्र जुन्या सवयीवर विसंबलेल्यांनाही विश्वासात घेणे भागच होते. गिटने आधीच्या आवृत्त्यांतून इशारे दिले आणि ‘मॅचिंग’ हा जुना पर्याय सेटिंगमध्ये कायम ठेवला.