निषेध कोणाचा, अधिकार कोणाचा?

अज्ञान बालकाच्या हाती काय द्यावे हे ठरविण्याचा अधिकार मातापित्यांचा, हे सर्वमान्य आहे. परंतु मातापिता तो अधिकार चालवीतच नसतील तर तो राज्याकडे जातो काय? अमेरिकेतील एका खटल्यात या प्रश्नाचा मोठा ऊहापोह झाला. तो जिज्ञासू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

व्हिडिओ गेममध्ये खेळणारा कळ दाबतो आणि पडद्यावरील मनुष्य दुसऱ्यास मारतो. अशा रक्तपाताविषयी १९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. पुढील वर्षी या व्यवसायानेच खेळांवर वयाच्या खुणा छापणारे मंडळ स्थापिले. त्या खुणांमागे कायद्याचे बळ नव्हते. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली कायदा केला. अतिहिंसक खेळ १८ वर्षांखालील मुलास विकल्यास अथवा भाड्याने दिल्यास १००० डॉलरपर्यंत दंड होता. मात्र आईबाप, आजीआजोबा, काका, मामा, मावशी, आत्या वा कायदेशीर पालक यांनी स्वतः दिल्यास दोष नव्हता.

२७ जून २०११ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हा कायदा अवैध ठरविला. न्यायमूर्ती स्कालिया यांचे म्हणणे असे: हिंसा परीकथांतही आहे, ग्रिम बंधूंच्या कथेतील मुले चेटकिणीस भट्टीत लोटतात. अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय ज्या मुलांना अडविले जाते, त्या सर्वांच्या आईबापांना हरकत असतेच असे नाही.

यांतील पहिला मुद्दा आम्हांस पटत नाही. कथा ऐकणारे मूल श्रोता असते, भट्टीत लोटणारा दुसराच कोणी असतो. खेळात कर्ता तेच असते. कोणी मरत नाही हे खरे, म्हणून कायिक हिंसा घडली असे म्हणता येणार नाही. पण मारण्याचा संकल्प, तो साधल्याचा हर्ष आणि त्याची पुनःपुन्हा आवृत्ती हे सर्व मनात घडतेच. न्यायमूर्ती अलिटो निकालास अनुकूल होते, तरी हे नवे माध्यम ग्रंथांहून निराळे असू शकेल, अशी सावधगिरी त्यांनी नोंदविली. न्यायमूर्ती ब्रेयर यांची शंका तर निरुत्तर करणारी आहे. १३ वर्षांच्या मुलास नग्न चित्राचे मासिक विकणे वर्ज्य, आणि ज्या खेळात तोच मुलगा स्त्रीस बांधून छळतो तो विकणे मोकळे, हा कोणता विवेक?

तिसरा मुद्दा मात्र कठीण आहे. हरकत नसलेल्या बापावर राज्याने हरकत कशी लादावी? आमच्या मते हरकत नसणे व पाहिलेच नसणे यांत भेद केला पाहिजे. जाणून दिलेली मोकळीक ही अनुज्ञा. न पाहता दिलेली ती उपेक्षा. कॅलिफोर्नियाचा कायदा वडीलधाऱ्यास दुकानापर्यंत आणू पाहत होता, इतकेच. तो डोळे उघडून खेळ पाहील, ही हमी कायद्यास देता आली नसती.

आता तर दुकानदारही मध्ये उरला नाही. खेळ थेट मोबाईलवर उतरतो. एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, “बाबा, मुलाच्या खेळातले मला काहीच कळत नाही. बंद करू काय?” आम्ही म्हटले, “आधी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसा, आणि तो काय करतो ते त्यालाच सांगू द्या.” ते बसले. मुलाने कोणास मारायचे ते उत्साहाने दाखविले. पण त्यांस का मारायचे, या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला.