आठवणीचं ताट आणि सवयीचं ताट

दिवाळी जवळ आली की परदेशी निघालेल्या फराळाच्या पार्सलांवर लेख येऊ लागतात. चकल्या, करंज्या, अनारसे, सोबत गहिवरलेला मजकूर, आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष: सातासमुद्रापार गेलेल्या माणसानं जिभेवर आपली संस्कृती जपली. या लेखनामागे एक गृहीतक आहे. परदेशात शिजलेलं घरचं अन्न म्हणजे मागे राहिलेल्या घराची आठवण, जे सुटलं त्याची भरपाई. हे गृहीतक इतकं सोयीचं आहे की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. मला ते चुकीचं वाटतं, आणि नुकसानकारकही.

अन्नाबद्दलच्या इतर लोकप्रिय मतांवर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. अस्सल पाककृतीचा आग्रह धरणाऱ्यांना मिरची आणि बटाटाच उत्तर देतात. दोन्ही समुद्रावरून आलेले पाहुणे आहेत. अन्न माणसांना जोडतं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावात कुणाची पंगत वेगळी बसत होती ते आठवावं. वर सांगितलेला स्मरणरंजनाचा सिद्धान्त मात्र प्रेमळ चेहऱ्यानं येतो, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

त्यासाठी कोकणातल्या यहुदी बेने इस्रायल समाजाकडे पाहू. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेलं गलबत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, पेणकर, रोहेकर, केहिमकर ही आडनावं, हे सारं मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९४८ नंतरच्या काही दशकांत त्यांच्यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले आणि डिमोना, बीरशेबा, अश्दोद, रामला, लोद अशा गावांत स्थिरावले. तिथलं त्यांचं जेवण पाहणारा मराठी माणूस हरखतो आणि लगेच म्हणतो, बघा, कोकण विसरले नाहीत. इथेच चूक होते.

हे जेवण मुळात कसं घडलं? यहुदी धर्मशास्त्र मांस आणि दूध एकत्र येऊ देत नाही. पाण्यातल्या जिवांपैकी पर आणि खवले असलेलेच चालतात. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहून कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या वर्ज्य. पण नारळाचा रस म्हणजे काही जनावराचं दूध नव्हे. मटणाच्या रश्शाला तो निर्धास्तपणे दाटपणा देऊ शकतो. एका वारशानं नियम घालून दिला आणि तो पाळण्याचं साधन दुसऱ्यानं पुरवलं. आजच्या हॉटेलांत दोन देशांच्या चवी एका थाळीत आणण्याचा जो हौसेचा प्रकार चालतो, त्याच्याशी याचं काही नातं नाही. या घरांनी एकाच वेळी दोन ठिकाणांशी इमान राखलं, आणि त्या इमानातून चव निघाली.

सणांचंही तसंच. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या समाजाच्या इतिहासात या सणांची मराठी नावं येतात. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा शोक पाळण्याचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण. शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य, मग वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि बिरडं करायचं. हजारो मैलांवर पडलेल्या मंदिराचं सुतक अलिबागच्या स्वयंपाकघरात वालानं पाळलं. तिथे कुणी स्वतःला अर्धा यहुदी आणि अर्धा कोकणी म्हणत नव्हतं. बिरडं पुरतं यहुदी होतं आणि पुरतं कोकणी.

आता शरबताकडे येतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न त्यात सामावलेला आहे. शब्बाथ या विश्रामदिनाच्या सुरुवातीला, शुक्रवारी संध्याकाळी, द्राक्षमद्याच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणायचा असतो. कोकणात ते मद्य कुठून आणायचं? मग काळ्या मनुका निवडून धुवायच्या, पाण्यात भिजत घालायच्या, फुगल्या की हातानं कुस्करायच्या आणि फडक्यातून पिळून घ्यायच्या. जांभळट तपकिरी, गोड, किंचित तुरट असं ते शरबत पेल्यात ओतायचं आणि त्यावर आशीर्वाद म्हणायचा. इस्रायलमध्ये द्राक्षमद्य कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. अडचण संपली, अडचणीसाठी काढलेला तोडगाही संपायला हवा होता. तरी बेने इस्रायल घरांतून ते शरबत अजून केलं जातं.

स्मरणरंजनवाले म्हणतील, हीच तर कोकणची आठवण. मी विचारतो, कुणाची? अश्दोदमध्ये जन्मलेल्या, हिब्रूत विचार करणाऱ्या, अलिबाग कधीही न पाहिलेल्या नातवाला कोकणचं काय आठवणार? त्याला आठवत काहीच नाही. त्याला शरबत लागतं ते शुक्रवार संध्याकाळ शरबताशिवाय सुरू होत नाही म्हणून. यावर ते म्हणतील, आठवण आजीची आहे, नातू ती उसनी घेतो. पण आजीनं तरी कोकणात ते शरबत कशाच्या आठवणीत केलं होतं? तिलाही ते सवयीनंच मिळालं होतं. पिढ्यांच्या माळेत मागे मागे जा, आठवणीचा मणी सापडत नाही. प्रत्येक ठिकाणी शुक्रवारचं काम उरकणारे हात सापडतात. शेवटी ते म्हणतील, आठवण नकळत असते. जी नकळत आहे, जी दर आठवड्याला हातून घडते आणि जिच्यावाचून चुकल्यासारखं वाटतं, तिला सवय म्हणतात. तिला आठवण म्हणायचा हट्ट कशासाठी?

पहिल्या पिढीचं दुःख मी नाकारत नाही. १९५० च्या दशकात नव्या देशात रेशन होतं, घरं तात्पुरती होती, भात हवा तेव्हा मिळत नव्हता. त्या लोकांनी मुंबईची आठवण काढली असणारच. काहींनी १९५१-५२ मध्ये आंदोलन करून परतीची मागणी केली आणि काही परतलेही. पण त्यांची तक्रार ऐका. तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा, असं दुकानात सुनावलं गेल्याची ती तक्रार होती. भाकरी मिळत नाही म्हणून ते रडत नव्हते. त्यांच्यासमोर पावाचा आणि मानाचा आजचा प्रश्न होता.

त्याहून बोलका पुरावा पुढच्या दशकातला आहे. तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलांच्या विवाहांवर शंका घेतली, त्यांचं यहुदीपणच पडताळायला काढलं. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं आणि अखेर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. जेवण ही केवळ हळवी आठवण असती, तर त्या वर्षांत ती गुंडाळून ठेवणं शहाणपणाचं ठरलं असतं. इतरांहून वेगळे दिसण्याची किंमत मोजावी लागत होती. तरी मलिद्याचा विधी थांबला नाही. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव. अलिबागजवळच्या ज्या कातळावर त्याच्या रथाची खूण दाखवतात तो कातळ मागे राहिला; आता हे लोक हैफाला एलियाहूच्या गुहेकडे जातात. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना ताट मांडलं जातं. तीर्थ बदललं, ताट टिकलं. आठवणीला ही अदलाबदल मानवली नसती; तिला तोच कातळ हवा असतो. सवयीला मात्र सातत्य पुरतं.

मिश्र घरांत हे आणखी स्पष्ट होतं. डिमोनात मोरोक्कोहून आलेले यहुदी मोठ्या संख्येनं आहेत आणि दोन्ही समाजांत लग्नं होतात. अशा घरात एका आजीचा मासा लाल मिरची, लसूण आणि टोमॅटोत शिजतो, दुसरीचा नारळाच्या रसात, बहुधा डब्यातल्या. त्या घरातल्या मुलाला आपण विचारतो, तू कोण? त्याला हा प्रश्न शुक्रवारी रात्री पडत नाही. त्याला दोन प्रकारचे मासे आवडतात. हा आनंद साधा आहे, रोजचा आहे, आणि कुठल्याही ओळखपत्राहून भक्कम आहे.

सवयीचीही किंमत आहे, आणि ती बहुतेक बायकांनी मोजली आहे. वाल आपोआप सोलले जात नाहीत, नारळ आपोआप खवला जात नाही. आठवणीचे गोडवे गाणारा पुरुष बाहेरच्या खोलीत बसलेला असतो. म्हणून तर सवयीबद्दल बोलणं अधिक प्रामाणिक आहे. सवय म्हटली की ती कुणाच्या हाताला आहे हा प्रश्न टाळता येत नाही. स्मरणरंजन तो सहज टाळतं.

लंडन, ड्युसेलडॉर्फ किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांना यातून काही घेण्यासारखं आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात उकडीचे मोदक झाले, फोटो निघाले, मुलांना आपल्या मुळांची आठवण करून दिली, एवढ्यानं काही टिकत नाही. मूळ गावाची आठवण मुलांवर लादता येत नाही, आणि लादलीच तर ती परीक्षेचा विषय होते. त्याऐवजी आठवड्यातून एका दिवशी वरण-भात, लिंबू, तूप असं काहीतरी न चुकता व्हावं, त्यात मुलाचा आणि मुलीचा दोघांचा हात असावा, तूप तिथल्या लोण्याचं असलं तरी चालावं, आणि शेजारी जोडीदाराच्या देशाचं सूप असलं तर तेही असावं. त्याचं महत्त्व कुणी समजावून सांगू नये. तीस वर्षांनी त्या मुलाला तो वार त्या जेवणाशिवाय अपुरा वाटला, तर वारसा पोचला असं समजावं. त्याला तो कुठून आला हे माहीत नसलं तरी हरकत नाही. आठवण माणसाला मागे पाहायला लावते. सवय त्याला आज संध्याकाळी काय करायचं ते सांगते, आणि वारसा पुढे नेण्याचं काम तीच करते.