कोणत्या अन्नाबरोबर कोणता द्राक्षारस?

गेल्या महिन्यांत आमच्या मंडळींतील एक विधवा बाई पदराखालीं एक वही घेऊन माझ्या घरीं आल्या. त्यांचा मुलगा परदेशीं फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजावर भोजनगृहांत नोकरीस आहे. कोणत्या पक्वान्नाबरोबर कोणता द्राक्षारस घ्यावा हें पाहुण्यांस सुचविणें, हें त्याचें काम. सुटीवर आला असतां तो आपली अभ्यासाची वही घरीं विसरून गेला होता. ह्या बाईंचा नवरा दारूनें मेला, हें आमच्या गांवांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. वही माझ्यापुढें ठेवून त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, हा पगार मी घेऊं कीं नको, एवढें सांगा."

प्रिय वाचकहो, प्रश्न एका ओळीचा होता, परंतु त्याचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. मी वही ठेवून घेतली व तीन रात्री ती वाचीत बसलों.

वहींत "शरद ऋतूंतील भोजनें" ह्या नांवाचें एक प्रकरण आहे. आपल्याकडे नाशिकचीं द्राक्षें जानेवारीपासून पुढें तोडतात, आणि शरदांत वेलीची छाटणी नुकती झालेली असते. फ्रान्स देशांत मात्र सप्टेंबर-आक्टोबर हाच तोडणीचा काळ. तेव्हां थंडी पडूं लागते, रानांत अळंब्या उगवतात, शिकारीचें मांस बाजारांत येतें, तांबडा भोपळा व चेस्टनट नांवाचें फळ घरोघर शिजतें. उन्हाळ्याचें हलकें जेवण जाऊन जड जेवण आलें, म्हणजे त्याबरोबरचें पेयहि बदलतें.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असें मनांत धरूनच मी वाचावयास बसलों होतों. परंतु जसजसा पुढें गेलों तसतशी मला माझ्या आईची चूल आठवूं लागली. तळलेल्या मासळीवर लिंबू कां पिळावें, पुरणपोळीवर तूप कां घालावें, पिठल्याशेजारीं कांदा कां हवा, हें तिला कोणी शिकविलें नव्हतें, पण तिच्या हाताला तें कळत होतें. वहींतील विद्या त्याच जातीची आहे. तांबड्या द्राक्षारसांत सालीचा व बियांचा तुरटपणा उतरतो. त्यास टॅनिन म्हणतात. तें लाळेंतील प्रथिनांस धरून बसतें, म्हणून जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ आखडते. त्याच घांसांत मांसाचीं प्रथिनें व चरबी असली म्हणजे तो तुरटपणा नरम पडतो. म्हणून रानडुकराच्या मांसाबरोबर दाट तांबडा रस सांगितला आहे. अळंब्यांबरोबर बर्गंडी प्रांतांतील पिनो न्वार जातीच्या द्राक्षाचा हलका तांबडा, कारण दोहोंसहि पावसानंतरच्या मातीचा वास असतो. आल्सास प्रांतांत आंबविलेला कोबी व डुकराचें मांस खातात, तेथें रीसलिंगचा आंबटसर पांढरा, कारण आंबटपणानें चरबीचा जडपणा तुटतो. सोतेर्न गांवीं तर शरदांतल्या सकाळच्या धुक्यानें द्राक्षांस बुरशी धरूं देतात. त्या बुरशीनें साल सच्छिद्र होऊन फळांतील पाणी उडून जातें व साखर मागें राहते, आणि त्या सडल्यासारख्या दिसणाऱ्या घडांतून मधासारखा गोड रस निघतो. तो रोकफोर नांवाच्या खारट चीजाबरोबर घ्यावा, असें मुलानें लिहिलें आहे. सडलेलें फळ फेंकून न देतां त्याचें कांहीं करून पाहण्याचा धीर ज्या शेतकऱ्यानें प्रथम केला, त्याचें मला कौतुक वाटलें.

सर्वांत वरचा नियम मुलानें तांबड्या शाईनें लिहिला आहे : पेयानें अन्नास झांकूं नये. पेय हें ताटाचें चाकर, धनी नव्हे. तें वाचून मला त्या बाईंच्या नवऱ्याची आठवण झाली. त्यानें कधीं जेवणाबरोबर घेतली नाहीं. भाकरी निवून जाई, मुलें उपाशी निजत, आणि तो बाहेर असे.

एवढ्यावरून मी बाईंस "घ्या पगार" असें सांगून मोकळा झालों असतों. पण तें खरें झालें नसतें. द्राक्षारसांतहि सामान्यतः शेंकडा १२ ते १४ भाग मद्यार्क असतो. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९८८ सालीं मद्यास कर्करोगजनक ठरविलें, आणि २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट सांगितलें कीं प्रकृतीस निर्धोक असें मद्याचें कोणतेंच प्रमाण नाहीं. कांचेच्या नाजूक पेल्यांत ओतल्यानें हा गुण जात नाहीं. शिवाय मला एक गोष्ट डांचते. श्रीमंत पितो तेव्हां त्याच्या बाजूस सुशिक्षित तरुण अदबीनें उभा राहतो. गरीब पितो तेव्हां त्याच्या बाजूस पोलीस उभा राहतो. एकास रसिक म्हणावयाचें व दुसऱ्यास दारुडा, हा न्याय मला समजत नाहीं.

कोणी म्हणतील, ह्या धंद्यांतून पुण्यहि घडतें. घडतें, हें खरें. फ्रान्सांतील बोन गांवीं निकोला रोलँ व त्याच्या पत्नीनें १४४३ सालीं गरीब आजाऱ्यांसाठीं इस्पितळ स्थापिलें. लोकांनीं त्यास द्राक्षमळे दान दिले, आणि १८५९ पासून त्या मळ्यांच्या द्राक्षारसाचा लिलाव नोव्हेंबरांत होत आला असून तो पैसा इस्पितळाच्या कामीं लागतो. पण त्याच इस्पितळाच्या खाटांवर मद्यानें यकृत गेलेले किती निजले असतील? दानानें हिशेब पुरा होत नाहीं.

शास्त्राकडे वळलों तर तेथेंहि एकच उत्तर नाहीं. पौल तीमथ्यास पोटासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो, आणि रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायांत भाऊ अडखळत असेल तर तो न पिण्यास सांगतो. अमेरिकेंत टॉमस वेल्च नांवाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानें १८६९ सालीं प्रभुभोजनासाठीं न आंबणारा द्राक्षांचा रस तयार केला, तो अशाच अडखळणाऱ्या भावांकडे पाहून. काना गांवच्या लग्नांत मात्र चव घेऊन सांगणारा एक भोजनकारभारी आहेच, आणि त्यास कोणी दोष दिलेला नाहीं. तो रस कोठून आला हें त्यास ठाऊक नव्हतें. पाणी काढणाऱ्या चाकरांस ठाऊक होतें. आमचा मुलगा कारभारी कीं चाकर, ह्याचा मी पुष्कळ विचार केला.

चौथ्या दिवशीं मी बाईंच्या घरीं गेलों. त्यांस म्हणालों, "जिभेस पारख आहे हें पाप नव्हे. तुमचा मुलगा चव घेऊन थुंकून टाकतो, पीत नाहीं, असें वहींत लिहिलें आहे. पण त्यास एक विचारा : पाहुण्यास पुरे झालें, हें कोण सांगतें?"

बाईंनीं तेव्हांच फोन लावला. मुलगा कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, जास्त खपवावें असा हुकूम आहे. मी दोनदां नको म्हणालों, तर मला दुसऱ्या टेबलावर पाठविलें." पुढें म्हणाला कीं वहीचीं शेवटचीं पानें पाहा, मद्य नसलेलीं पेयें कोणत्या जेवणास जुळतात तें तेथें लिहिलें आहे, आणि तें त्यास कोणी शिकविलेलें नाहीं. आम्हीं पानें उलटून पाहिलीं. भोपळ्याच्या सूपाबरोबर सफरचंदाचा रस आलें घालून, भाजलेल्या बदकाबरोबर डाळिंबाचा, आणि एका ओळींत, खाडाखोड करून, कोकम.

बाईंनीं मुलीच्या नर्सिंगच्या फीपुरता पगार घ्यावयाचें ठरविलें. बाकीचा मुलाच्याच नांवावर ठेवावयाचा, म्हणजे मनाला आलें त्या दिवशीं त्यास जहाज सोडतां येईल. वही मी परत देऊं लागलों, तेव्हां त्यांनीं ती घेतली नाहीं. ती अजून माझ्या कपाटांत आहे.