अवयवी, खंडपट आणि उंच केलेली पिकअप

अवयवांपासून बनलेली वस्तू, म्हणजे अवयवी, ही अवयवांहून वेगळी असते असे मानणाऱ्या न्याय-वैशेषिकांचा एक सिद्धान्त प्रथमदर्शनी अतिरेकी वाटतो: वस्त्रातला एक धागा काढला, की जुने वस्त्र नष्ट होऊन खंडपट नावाचे दुसरेच वस्त्र उत्पन्न होते, आणि ‘हे तेच’ ही ओळख केवळ साजात्यामुळे होते. एरवी लाघवाला, म्हणजे कल्पनांच्या काटकसरीला, जपणाऱ्या नैयायिकांनी हा पसारा पत्करावा, याचे नवल वाटते. बौद्धांनी अवयवीच नाकारला. मिलिंदपञ्हो या ग्रंथात नागसेनाने रथाचे एकेक अंग तपासून ‘रथ’ हा व्यवहारातला संकेत ठरवला.

अमेरिकेतील हौशी कारागीर उंच केलेल्या पिकअपसाठी सस्पेन्शनचे जे भाग स्वतः घडवतात, त्यांच्यावर या वादाची कसोटी चांगली लागते. टोयोटा टॅकोमामध्ये पुढचे प्रत्येक चाक वरच्या व खालच्या कंट्रोल आर्मने धरलेले असते. स्प्रिंगवर स्पेसर बसवून गाडी दोन-तीन इंच उचलली, की दोन्ही आर्म खाली झुकतात, चाक पूर्ण लोंबले असता वरचा आर्म स्प्रिंगला घासू शकतो, आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागचा कल, घटल्याने स्टिअरिंगची आपोआप सरळ येण्याची ओढ मंदावते. म्हणून कारागीर पोलादी नळी वाकवून व वेल्ड करून असा वरचा आर्म घडवतो, की बॉल जॉइंट मूळ जागेपेक्षा किंचित मागे येतो. कॅस्टर परत मिळतो खरा. पण पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांचा वाढलेला कोन तसाच राहतो, ब्रेकची नळी ताणली जाऊ शकते आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी वळणावर अधिक कलते.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्याय-वैशेषिक ग्रंथानुसार धागे हे वस्त्राचे समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण, आणि मागासारखी साधने हे निमित्त कारण होय. गाडी उचलणारा बहुतेक अवयव तसेच ठेवतो, बदलतो तो त्यांचा संयोग; आणि असमवायी कारण नष्ट झाले की कार्यही नष्ट होते, असा या दर्शनाचा नियम आहे. चासीवरचा १७ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक कायम राहतो म्हणून कागदोपत्री गाडी तीच असली, तरी रस्त्यावर धावणारी गाडी कारखान्याने कधी पाहिलेलीच नसते.

आर्मच्या सांध्यातल्या झिजलेल्या रबरी बुशिंगनेही मग रोज नवी गाडी जन्मते, हा आक्षेप खरा आहे, आणि हे दर्शन तो मान्यच करील. मात्र झीज कोणी करीत नाही. न्यायमतानुसार कर्ता तोच, ज्याच्या ठायी उपादानाचे, म्हणजे घडणीच्या द्रव्याचे, प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न ही तिन्ही असतात. वेल्ड मुळापर्यंत उतरला आहे की केवळ पृष्ठभागी चिकटला आहे, हे न जाणता आर्म बसवणाऱ्याजवळ इच्छा व प्रयत्न भरपूर असतात; या व्याख्येने तो कर्ता म्हणवून घेण्यास अपुरा ठरतो, पण तो वेल्ड तडकला तर समोरून येणाऱ्या गाडीतल्या माणसाला त्या अपुरेपणाचा काहीच आधार मिळत नाही.