तुघलकाच्या दरबारातील तोतये

ज्या शोकांतिकेत वेषांतरामागून वेषांतर होत जाते, एका कारस्थानाच्या पोटात दुसरे कारस्थान वाढत असते आणि मृत्यू एकाच्या नावे मांडला जाऊन प्राण मात्र दुसऱ्याचा जातो, ती शोकांतिका नुसत्या वाचनाने पुरती हाती लागत नाही. तिचा तक्ता मांडावा लागतो. आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या ओळीत पात्रे आणि प्रत्येक चौकटीत त्या क्षणी त्या पात्राने धारण केलेले रूप, एवढे लिहिले की कथानकाचा सांगाडा दिसू लागतो. परंतु माझ्या मते हा तक्त्याचा केवळ पूर्वार्ध होय. कोणी कोणाचे सोंग घेतले याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते सोंग कोणी ओळखले आणि ओळखल्यावर त्याने काय केले याला महत्त्व आहे. कारण ज्या राज्यात ही नाटके घडतात त्या राज्याची प्रकृती या दुसऱ्या रकान्यातच उमटलेली असते.

या जातीच्या नाटकांचा अगदी दाट विणीचा नमुना म्हणजे १६०६ च्या सुमारास लंडनच्या रंगभूमीवर आलेले 'द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी'. ते प्रथम छापले गेले तेव्हा त्यावर कर्त्याचे नाव नव्हते. पुढे ते दीर्घकाळ सिरिल टर्नरच्या नावावर मोडत असे आणि आज बहुतेक अभ्यासक ते थॉमस मिडल्टनचे मानतात. त्याचा नायक व्हिंडिची. आपल्या वाग्दत्त वधूला विषप्रयोगाने मारणाऱ्या ड्यूकचा सूड घेण्यासाठी तो पिआटो या नावाने ड्यूकच्या थोरल्या मुलाच्या चाकरीत शिरतो, आणि पहिलेच काम त्याच्या वाट्याला येते ते स्वतःच्या बहिणीला भ्रष्ट करण्याचे. पुढे धन्याची पिआटोवर खप्पा मर्जी होते. त्याला ठार करण्यासाठी तो नवा मारेकरी शोधतो, आणि तो मारेकरी म्हणून पुढे येतो तो व्हिंडिचीच, या वेळी स्वतःच्या खऱ्या रूपात. स्वतःचाच खून करण्याची सुपारी घेतलेल्या या माणसाने त्यातून काढलेली वाट भयंकर आहे: आधीच मारलेल्या ड्यूकच्या प्रेताला तो पिआटोचे कपडे चढवतो. येथे तक्त्यातली एक चौकट दोन नावांनी आणि एका प्रेताने भरून जाते. शेवटी सारे वैरी संपल्यावर, केवळ आपल्या कारागिरीचा अभिमान आवरत नाही म्हणून, व्हिंडिची नव्या राजापुढे आपण होऊन सर्व सांगून टाकतो. आणि तो राजा, म्हणजे वृद्ध अँटोनिओ, त्याला तत्काळ वधाकडे रवाना करतो. ज्याने एका वृद्ध ड्यूकला मारले तो दुसऱ्यालाही मारील, हा त्या निवाड्यामागचा सरळ हिशेब आहे.

बंगळूरात राहणाऱ्या मराठी माणसाला या तक्त्याची आठवण एका कन्नड नाटकाने होते. गिरीश कार्नाड यांचा जन्म १९३८ साली माथेरानला झाला, बालपण शिरसीत गेले, शिक्षण धारवाडात झाले, आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे बंगळूरात जाऊन २०१९ च्या जूनमध्ये याच शहरी त्यांचे निधन झाले. 'तुघलक' त्यांनी १९६४ साली लिहिले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. तेरा प्रवेशांच्या या नाटकाविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग स्वप्नाळू सुलतान आणि नेहरूयुगाचा भ्रमनिरास यांनी व्यापलेला आहे. तो अर्थ खोटा नाही. परंतु नाटकाची यंत्रणा पाहू जाता ती वेषांतरांवर चालते, आणि त्या वेषांतरांचा सूत्रधार सुलतान नसून एक परीट आहे.

या रचनेचे मूळ कंपनी नाटकांत आहे आणि ते कार्नाडांनी स्वतः सांगून ठेवले आहे. पारशी धाटणीच्या त्या नाटकांत रंगमंचाचे खोलीनुसार दोन भाग पडत. पुढच्या उथळ पट्ट्यात रस्त्याचा रंगवलेला पडदा सोडून त्यापुढे विनोदी नोकर-चाकर, भामटे, बाजारबुणगे यांचे प्रवेश होत, आणि तेवढ्या अवकाशात पडद्यामागे राजवाड्याची मांडामांड चाले. पडदा उठला की खोल रंगमंचावर राजे, राण्या आणि त्यांची गंभीर दुःखे अवतरत. ही वाटणी केवळ सोयीची नव्हती, तिच्यात समाजाची उतरंड होती. उथळ पट्ट्यातल्या माणसाने खोल रंगमंचावर यायचे ते हुकूम घ्यायला किंवा शिक्षा भोगायला. कार्नाडांनी ही वाटणी जाणूनबुजून उचलली, अझीझ आणि आझम ही भामट्यांची जोडी पुढच्या पट्ट्यासाठीच घडवली. आणि लिहिता लिहिता त्यांना आढळून आले की या उथळ प्रवेशांतले चैतन्य आवरेनासे झाले असून दोन्ही पट्ट्यांमधली भिंत ढासळत चालली आहे. 'तुघलक'चा खरा नकाशा म्हणूनच कागदावर जितका मांडता येतो तितकाच रंगमंचाच्या खोलीतही मांडता येतो: अझीझ प्रवेशागणिक मागे मागे, म्हणजे तख्ताच्या दिशेने, सरकत जातो.

त्याची पावले मोजण्यासारखी आहेत. सुलतानाच्या अंमलदारांनी एका ब्राह्मणाची जमीन जप्त केलेली. अझीझ ते दस्तऐवज विकत घेतो, करारावर मागची तारीख घालतो आणि विष्णुप्रसाद नावाचा ब्राह्मण होऊन खुद्द सुलतानावर दावा लावतो. सुलतानाला आपल्या न्यायबुद्धीचा पुरावा प्रजेला दाखवायचा असतो. तो पाचशे दिनारांची भरपाई आणि मुलकी खात्यात नोकरी देतो. ज्या न्यायाचे दिल्लीच्या चौकात कौतुक होते, त्याचा लाभार्थी असा तोतया आहे, हे प्रेक्षकाला पहिल्याच प्रवेशाच्या अखेरीस कळते आणि सुलतानाला मात्र तेराव्यापर्यंत कळत नाही. राजधानी हलली की हाच ब्राह्मण अंमलदार दौलताबादच्या वाटेवर, मरणासन्न मूल कडेवर घेतलेल्या बाईला औषधोपचारासाठी छावणीबाहेर सोडण्याचे पैसे मागतो. पुढे तांब्याची नाणी चलनात येताच तो ती पाडू लागतो, नंतर वाटमारी करतो, आणि अखेर बगदादच्या खलिफांचा वंशज गियासुद्दीन अब्बासी याला ठार करून त्याच्याच वस्त्रांत राजधानीत प्रवेश करतो.

येथे इतिहासाशी ताडून पाहणे उद्बोधक आहे. अब्बासी वंशातला असा एक पाहुणा महंमद तुघलकाकडे खरोखरच आला होता, त्याचा अपूर्व सत्कार झाला, आणि ती हकीगत इब्न बतूताने लिहून ठेवली आहे. इतिहासातला अस्सल पाहुणा काढून तेथे नकली बसवणे हीच कार्नाडांची नाटककार म्हणून केलेली सर्वांत धाडसी मसलत होय.

खोल रंगमंचावरची वेषांतरे याहून वेगळ्या प्रकारची आहेत, आणि ती सारी सुलतान घडवून आणतो. त्याच्यावर जाहीर टीका करणारा शेख इमामुद्दीन दिसायला त्याच्यासारखा आहे. त्याला शांतिदूत म्हणून बंडखोर आईन-उल-मुल्ककडे पाठवताना सुलतान त्याला शाही पोशाख चढवतो. शत्रूचे बाण हत्तीवरच्या त्या पोशाखाचा वेध घेतात आणि एका निरपराध माणसाला सुलतानाचे मरण येते. त्यानंतर नमाजाच्या वेळी सुलतानाला मारण्याचा अमीरांचा कट. तो कटातल्याच रतनसिंगाच्या पत्राने फुटतो. पडद्याआडचे शिपाई बाहेर येतात, सुलतान कटवाल्या शिहाबुद्दीनला स्वतःच्या हाताने भोसकतो आणि लगेच जाहीर करवतो की आपला जीव वाचवताना शिहाबुद्दीन हुतात्मा झाला. मेलेल्या बंडखोराला स्वामिनिष्ठाचे सोंग देणे हा पिआटोचे कपडे प्रेतावर चढवण्याचाच प्रकार आहे. फरक इतकाच की लंडनच्या नाटकात तो सूडकऱ्याचा डाव होता, येथे ते राज्याचे अधिकृत निवेदन आहे.

अशा रीतीने दोन्ही पट्ट्यांतली सोंगे समोरासमोर मांडली म्हणजे शेवटच्या प्रवेशाची अपरिहार्यता ध्यानात येते. सुलतान अब्बासीचे सोंग ओळखतो. पकडला गेलेला अझीझ गयावया करत नाही. व्हिंडिचीप्रमाणेच तोही आपली कारागिरी सविस्तर, रंगवून सांगतो, आणि वर असेही सुचवतो की आपण सुलतानाच्याच धोरणांचा निष्ठावंत शिष्य आहोत. मग ज्या तऱ्हेच्या कबुलीने व्हिंडिचीचा घात झाला तशाच कबुलीने अझीझचा जीव वाचतो. सर्व दौलताबादेसमक्ष सुलतानाने या माणसाच्या पाया पडून त्याला आत नेले आहे, त्या कटानंतर बंद पडलेला नमाज त्याच्या आगमनाने सुरू होणार आहे. त्याला तोतया ठरवायचे तर आपली सारी पुण्याई नकली ठरवावी लागते. म्हणून काही आठवड्यांनी अब्बासीने परतीच्या वाटेवर गुप्त व्हावे आणि अझीझने दख्खनच्या फौजेत अधिकारपद घ्यावे, असा निवाडा होतो. तिकडे बिचारा आझम, ज्याला वेळीच पळून जावेसे वाटले, तो मात्र वाटेत मारला जातो.

तोतया ओळखून त्याला शिक्षा देण्याची ऐपत राज्याला असावी लागते. मराठ्यांच्या इतिहासात याचा दाखला आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभ्या राहिलेल्या इसमाने १७७६ साली कोकणातले किल्ले घेतले, सरदारांपैकी काही त्याच्याकडे वळले, पुण्यातही संशयाला जागा होती; तरीही तो पकडला गेल्यावर कारभाऱ्यांनी चौकशी करून त्याला देहदंड दिला. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर लिहिले. नाना फडणिसांच्या कारभारात कितीही वैगुण्ये दाखवली तरी खरे-खोटे एकदा निवडायचे म्हटल्यावर निवडण्याइतकी शक्ती त्या दरबारात उरली होती. लंडनच्या नाटकातल्या अँटोनिओपाशीही ती आहे, आणि 'मुद्राराक्षसा'तल्या चाणक्याचे वेषधारी हेर तर राज्य उभारण्याच्याच कामी येतात. कार्नाडांच्या सुलतानापाशी ती शक्ती उरलेली नाही, आणि मला या नाटकाची शोकात्मता त्याच्या वेडेपणात किंवा क्रौर्यात न दिसता येथे दिसते: हा बुद्धिमान माणूस सत्य अचूक ओळखतो आणि त्या ओळखीचा त्याला काहीही उपयोग करता येत नाही.

मराठीत हे नाटक विजय तेंडुलकरांनी आणले आणि १९७१ साली 'आविष्कार'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते केले तेव्हा तुघलकाच्या भूमिकेत अरुण सरनाईक होते. नाटकाचा उत्तरार्ध ज्या दौलताबादेत घडतो ती आपली देवगिरी, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. उत्तरेकडून आलेला एक उपरा ब्राह्मण आणि त्याला अधिकार देणारा नाना यांच्या त्या व्यवहारात एकाचा सौदा उलगडला की दुसऱ्याचाही उलगडतो. परंतु तेंडुलकरांचा नाना घाशीरामाचा बळी देऊन मोकळा होऊ शकतो, जे तुघलकाला जमत नाही. ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचावीत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

बंगळूरात 'तुघलक' म्हटले की जुन्या रसिकांच्या तोंडी सी. आर. सिंह यांचे नाव येते. या भूमिकेत नटाचे तेज फाकणे स्वाभाविकच आहे, परंतु त्या तेजापायी अझीझला हास्यापुरता राखण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला पाहिजे. पहिल्या प्रवेशात अझीझवर हसणारा प्रेक्षक तेराव्यातही तसाच हसत राहिला, तर त्याला पुढच्या पट्ट्यातून मागे सरकलेला माणूस दिसलाच नाही असे होते. आणि तख्तासमोर तो व सुलतान एकाच खोलीवर, एकाच उंचीवर उभे नसतील तर नाटकाचा निवाडा प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही.

तक्त्यात एक ओळ उरते. इतिहासकार झियाउद्दीन बरनी हा या नाटकात कोणतेही सोंग घेत नाही, कोणत्याही कटात सामील होत नाही, आणि अखेरीस आईच्या मृत्यूचे निमित्त सांगून दरबार सोडून जातो. इतिहासातला बरनी असा गेला नव्हता. तो सतरा वर्षे महंमदाच्या सहवासात राहिला, सुलतानाच्या मृत्यूनंतर दैन्यावस्थेत पडला, आणि १३५७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'तारीख-ए-फिरोजशाही'त त्याने आपल्या धन्याची हकीगत लिहिली. आपण भीतीपोटी गप्प राहिलो याची खंतही त्याने तिच्यात मांडली आहे. कार्नाडांनी त्याला तेराव्या प्रवेशातच बाहेर काढले, आणि तेही अझीझशी झालेला सौदा पाहिल्यावर. नाटकातला इतिहासकार जे पाहून निघून जातो ते खऱ्या इतिहासकाराने सोसले आणि मग लिहिले. तुघलकाविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे त्याच्या त्या लिहिण्यामुळेच ठाऊक आहे.